वीज नियामक आयोग आणि बाहेरचे तज्ज्ञ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वीजदराच्या सुनावण्यांना जाणारे ग्राहक, उद्योग संघटनांचे पदाधिकारी, या क्षेत्रात नव्याने आलेले अभियंते आणि सनदी लेखापाल यांच्याकडून हे प्रश्न नेहमी येतात. उत्तरे मुख्यतः राज्यातले वीजदर ठरवणाऱ्या महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या कामकाजाला धरून आहेत. कलमे विद्युत अधिनियम, २००३ मधली आहेत. हिशेबाची उदाहरणे समजावण्यासाठी घेतलेली आहेत, ती कोणत्याही कंपनीची आकडेवारी नाही.

आयोगात जाणकार बसलेले असताना बाहेरचे तज्ज्ञ कशाला?

राज्य आयोगात अध्यक्ष धरून जास्तीत जास्त तीन जण असतात. त्यांच्यासमोर महावितरण, महापारेषण, महानिर्मिती, बेस्ट, टाटा, अदानी अशा सगळ्यांच्या याचिका येतात. एकेक याचिका शेकडो पानांची, सोबत डझनावारी एक्सेल शीट. कलम ६४ नुसार अर्ज मिळाल्यापासून १२० दिवसांत आदेश निघायला हवा. प्रत्यक्षात अर्ज ‘परिपूर्ण’ मानला जाईपर्यंतच आठवडे जातात, पण मुदतीचा दट्ट्या राहतोच.

दुसरे म्हणजे काम वर्षभर सारखे नसते. बहुवार्षिक दरनिश्चितीचा नियंत्रण कालावधी, म्हणजे ज्या वर्षांचे दर एकदम ठरतात तो काळ, बदलला की (सध्याचा २०२५-२६ ते २०२९-३०) सगळ्या याचिका एकाच हंगामात येऊन पडतात. त्या चार-सहा महिन्यांसाठी कायमची माणसे भरणे परवडत नाही. शिवाय बॉयलरची उष्णता, फीडरवरची (उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिनीवरची) हानी, कर्जाचे पुनर्वित्त आणि करार कायदा हे सगळे जाणणारा एकच माणूस कुठून मिळणार?

खरे कारण मात्र तिसरे आहे. कंपनीला स्वतःची माहिती आतून ठाऊक असते, आयोगाला कंपनी देईल तेवढीच. ही दरी थोडी तरी बुजवायला बाहेरचा माणूस लागतो.

कायद्यात याला आधार काय?

चार-पाच वेगवेगळी कलमे आहेत आणि लोक ती एकमेकांत मिसळतात.

कलम ९१(४) खाली आयोग आपल्या मदतीला सल्लागार नेमतो. त्याचे पैसे आयोग देतो आणि तो उत्तरदायीही आयोगालाच. कलम ९४(३) खाली आयोग एखाद्या व्यक्तीला किंवा संस्थेला ग्राहकांची बाजू मांडायला प्राधिकृत करतो. हा प्रतिनिधी आयोगाचा माणूस नसतो. कलम ८७ ची राज्य सल्लागार समिती म्हणजे उद्योग, शेती, वाहतूक, कामगार, ग्राहक, संशोधन संस्था वगैरेंचे जास्तीत जास्त २१ जणांचे मंडळ. ते धोरणावर बोलते, एखाद्या याचिकेतल्या आकड्यांवर नाही. कलम १२८ चौकशीचे: परवानाधारकाच्या (परवाना असलेल्या वीज कंपनीच्या) कारभाराची चौकशी करायला आयोग लेखी आदेशाने कोणालाही नेमू शकतो, आणि तो चौकशी अधिकारी पुढे लेखापरीक्षक वगैरे मदतीला घेऊ शकतो.

पाचवे कलम ९७, त्याबद्दल पुढच्या उत्तरात.

मग दर सल्लागारच ठरवतो, असे म्हणतात ते खरे का?

कायद्याने नाही. कलम ९७ आयोगाला आपले काही अधिकार सदस्य, सचिव, अधिकारी किंवा ‘अन्य व्यक्ती’कडे सोपवू देते. पण वादांचा निवाडा करणे आणि विनियम बनवणे हे अधिकार त्यातून स्पष्टपणे वगळले आहेत. शिवाय ज्याने ऐकले त्यानेच निर्णय द्यावा हा नैसर्गिक न्यायाचा जुना दंडक आहेच.

व्यवहारात मात्र धोका खरा आहे. आदेशाचा कच्चा मसुदा सल्लागाराच्या संगणकावर तयार होतो, मुदत डोक्यावर असते आणि ‘आयोगाचे विश्लेषण’ या मथळ्याखालचे परिच्छेद थोडी डागडुजी होऊन तसेच छापले जातात. ओळखायचे कसे? कंपनीने काय मागितले, हरकतदार काय म्हणाले आणि आयोगाने काय मान्य केले हे तिन्ही असून ‘का’ नसेल, तर विचार दुसऱ्याने केला आहे असे खुशाल समजावे. एखादा खर्च ‘तपासणीअंती मान्य’ एवढ्या दोन शब्दांत सुटला असेल तर बोट तिथेच ठेवावे.

दरनिश्चितीत सल्लागार नेमके काय करतो?

याचिका आली की पहिला आठवडा ताळे जुळवण्यात जातो. कंपनीचे लेखापरीक्षित ताळेबंद, मागचा आदेश आणि नवी याचिका यातले आकडे एकमेकांना धरून आहेत का, ते बघायचे. त्यातून त्रुटींची यादी निघते आणि कंपनीला प्रश्न जातात. उत्तरे आली की तांत्रिक छाननीचे सत्र होते. महाराष्ट्रात त्याला प्राधिकृत ग्राहक प्रतिनिधीही बसतात, ही चांगली प्रथा आहे. त्यानंतर याचिका दाखल करून घेणे, वर्तमानपत्रांत जाहीर सूचना, सूचना-हरकती, जाहीर सुनावणी आणि आदेश. सल्लागाराचे गणिती प्रारूप या सगळ्याच्या मागे चालू असते: एकेक खर्च मान्य-अमान्य केला की प्रति युनिट दर किती हलतो ते सांगणारे.

सगळ्यात जास्त सापडणारी गफलत आरंभीच्या शिल्लक रकमेतली. मागच्या आदेशात आयोगाने समजा ४० कोटींचे भांडवली काम अमान्य केले. कंपनीच्या स्वतःच्या वहीत मात्र ते काम आहेच. नव्या याचिकेत मालमत्तेचा आरंभीचा आकडा वहीतून उचलला की ते ४० कोटी मागच्या दाराने आत येतात. कर्ज-भागभांडवल ७०:३० धरले, व्याज ९ टक्के, भांडवलावर परतावा १४ टक्के, घसारा ५.२८ टक्के, तर २.५२ अधिक १.६८ अधिक २.११, म्हणजे वर्षाला सुमारे ६.३१ कोटी ग्राहकांच्या बिलात. यात लबाडी असेलच असे नाही, बहुतेकदा दोन विभागांनी दोन वेगळ्या फायली वापरलेल्या असतात. पण मागच्या आदेशाचा अखेरचा आकडा समोर ठेवून न बसणारा सल्लागार हे पकडू शकत नाही.

दुसरी गफलत एकाच खर्चाची दोनदा मोजणी. दुरुस्ती म्हणून महसुली खर्चात आणि नूतनीकरण म्हणून भांडवली खर्चात, दोन्हीकडे तेच रोहित्र.

शेतीपंपांच्या वापरावर एवढा वाद का, आणि तज्ज्ञ तो कसा तपासतात?

शेतीच्या बाबतीत ‘आकडा’ या शब्दाचे दोन्ही अर्थ लागू पडतात, तारेवर टाकलेला आणि कागदावर मांडलेला. अनेक पंपांना मीटर नाही, असलेले कित्येक बंद. त्यामुळे तिथला वापर मोजला जात नाही, अंदाजला जातो.

अंदाज फुगला की काय होते ते बघा. जाळ्यात १०० युनिट आली. मीटरवर मोजलेली विक्री ५५. शेतीचा अंदाज ३० सांगितला, तर हानी १५ टक्के दिसते. शेतीचा खरा वापर २४ असेल, तर हानी २१ टक्के. मधले सहा युनिट चोरी, खराब मीटर किंवा जुनाट तारा यातले असतात, पण त्यांचे खापर शेतकऱ्याच्या नावावर फुटते. हानीच्या उद्दिष्टात कंपनी पास होते, आणि शासनाचे अनुदान व उद्योगांवरची क्रॉस सबसिडी (शेतीच्या सवलतीसाठी त्यांच्याकडून घेतला जाणारा जादा दर) फुगलेल्या आकड्यावर बेतली जाते.

पहिली चाचणी कागदावरच होते. समजा दर अश्वशक्तीमागे वर्षाला १,५०० युनिटांचा दावा आहे. एक अश्वशक्ती म्हणजे ०.७४६ किलोवॉट, मोटारीची कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर पंप जवळजवळ एक किलोवॉट ओढतो. म्हणजे दावा साधारण १,५०० तासांचा झाला. फीडरला दिवसाला ८ तास वीज मिळते आणि जून ते सप्टेंबर पंप सहसा बंद असतात असे धरले, तर उरलेल्या २४३ दिवसांत पुरवठ्याचेच तास १,९४४. म्हणजे फीडरवरचा प्रत्येक पंप, वीज असलेल्या वेळेच्या तीन चतुर्थांशाहून अधिक काळ चालला पाहिजे. कोरडवाहू तालुक्यात, मार्चनंतर विहिरी आटत असताना? अशक्य म्हणता येणार नाही, पण पुरावा मागण्याइतपत संशय नक्कीच आहे.

दुसरी पायरी प्रत्यक्ष फीडरवर. नमुन्याचे शेती फीडर निवडायचे, उपकेंद्रातल्या फीडर मीटरची तासावार नोंद घ्यायची, त्यावरची तांत्रिक हानी वजा करायची, आणि जोडलेल्या एकूण अश्वशक्तीने भागायचे. सांगायला सोपे. घसरते कुठे, तर पुढच्या जागी.

करंट ट्रान्सफॉर्मरचे (मीटरसाठी प्रवाह ठरावीक पटीने कमी करणाऱ्या उपकरणाचे) गुणोत्तर प्रत्यक्ष ४००/५ आहे, नोंदीत २००/५. गुणक ८० ऐवजी ४० लागतो आणि फीडरची वीज निम्मी दिसते. उलटही होते. म्हणून पाटीचा फोटो घेतल्याशिवाय त्या फीडरचा आकडा वापरू नये.

फीडर ‘शेतीचा’ म्हणून नोंदलेला, पण त्यावर वाडी-वस्ती, पोल्ट्री आणि एखादी खडी क्रशर. रात्री सिंगल फेज पुरवठ्याच्या वेळी भार किती राहतो हे पाहिले की ते लगेच उघडे पडते.

ज्या फीडरचे मीटर दूरस्थ पद्धतीने वाचता येतात तेवढेच नमुन्यात घेतले जातात, कारण माहिती हाताशी असते. ते फीडर बहुधा बागायती, चांगल्या देखभालीच्या पट्ट्यातले. त्यांचा वापर राज्याला लावला की सगळाच हिशेब वर सरकतो.

आणि पंपाची अश्वशक्ती. मंजूर भार ३, पंप ५ चा, रिवाइंडिंगनंतर ओढतो त्याहून जास्त. उलट, वर्षानुवर्षे बंद असलेल्या जोडण्याही यादीत जिवंत असतात. घरोघर नाही तरी विहिरोविहीर फिरल्याशिवाय याला उत्तर नाही.

या वादावर महाराष्ट्र आयोगाने २०१६ च्या दर आदेशानंतर अभ्यासगट नेमला. त्याचा अहवाल २०२० मध्ये आला. एकट्या सल्लागाराऐवजी आयोग, कंपनी आणि बाहेरचे अभ्यासक एका टेबलाशी बसले की निदान ‘तुमचा नमुना आम्हाला मान्य नाही’ हा वाद आधीच मिटतो. आमच्या मते शेतीसारख्या प्रश्नाला हीच रीत योग्य.

वीजनिर्मिती केंद्रांच्या बाबतीत कोण लागतो?

तिथे हिशेबनीसापेक्षा चाचणी करणारा अभियंता हवा. महानिर्मितीच्या जुन्या औष्णिक संचांच्या कामगिरीचा अभ्यास बंगळुरूच्या सेंट्रल पॉवर रिसर्च इन्स्टिट्यूटकडून करून घेतला गेला, तो याचसाठी. मुद्दा उष्णता दराचा, म्हणजे एक युनिट विजेला किती किलोकॅलरी लागतात. कंपनी म्हणते संच जुना, कोळसा वाईट, १०० किलोकॅलरी वाढवून द्या. कोळसा ३,५०० किलोकॅलरी प्रति किलो आणि ४,००० रुपये टन धरला तर १०० किलोकॅलरी म्हणजे युनिटमागे ११ पैसे. ऐकायला किरकोळ. २१० मेगावॉटचा एक संच ८० टक्के भाराने वर्षभर चालला तर तेच १६-१७ कोटी होतात.

चाचणीच्या वेळी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी: कोळशाचा नमुना कुठे घेतला. वाघिणीतून उतरताना घेतलेला आणि बंकरच्या (बॉयलरला कोळसा पुरवणाऱ्या कोठीच्या) तोंडाशी घेतलेला यांचे उष्मांक वेगळे येतात, आणि तो फरक कोणाच्या पदरात टाकायचा यावरच निम्मी भांडणे असतात.

सल्लागार निवडतात कसा?

निविदा काढून, गुणवत्ता आणि किंमत दोन्हींना गुण देऊन. कोणाला किती वजन दिले यावर निकाल फिरतो. ‘अ’ संस्थेला तांत्रिक ८५ गुण, बोली ६० लाख. ‘ब’ ला ७२ गुण, बोली ४० लाख. सर्वांत कमी बोलीला १०० गुण, म्हणून ‘अ’ ला किमतीचे ६६.६७. वजन ७०:३० ठेवले तर ‘अ’ ७९.५ आणि ‘ब’ ८०.४, काम ‘ब’ ला. ८०:२० ठेवले तर ‘अ’ ८१.३ आणि ‘ब’ ७७.६, काम ‘अ’ ला. म्हणून निविदेतली ती एक ओळ आधी वाचावी.

निविदेत नामवंत माणसाचा बायोडाटा आणि कामावर पहिल्याच नोकरीतली दोन मुले, हा अनुभव या क्षेत्रात कोणालाच नवा नाही. करारात माणसांची नावे, त्यांचे दिवस, आणि बदली माणूस आयोगाच्या संमतीशिवाय नाही हे लिहिलेले असावे.

कार्यकक्षेत काय लिहिलेले असले पाहिजे?

‘आयोगास दरनिश्चितीत साहाय्य करणे’ एवढेच लिहिले तर काय मिळेल ते सल्लागाराच्या मर्जीवर. प्रश्न लिहावेत: अमुक कंपनीच्या मागच्या तीन वर्षांच्या भांडवली कामांपैकी किती प्रत्यक्ष वापरात आली, किती खर्च मूळ अंदाजापेक्षा वाढला, का वाढला. गणिती प्रारूप सूत्रांसकट आयोगाच्या मालकीचे राहील, असे स्पष्ट हवे. नाहीतर करार संपला की हातात नुसते आकडे छापलेले शीट उरते आणि पुढच्या वर्षी तोच हिशेब नव्याने विकत घ्यावा लागतो. आयोगाचे दोन अधिकारी पहिल्या दिवसापासून सल्लागारासोबत बसतील, ही अटही घालावी. शेवटचा हप्ता आदेशानंतरच्या पुनर्विलोकन अर्जांना लागणारे काम होईपर्यंत राखून ठेवावा. आदेशातल्या बेरजेच्या चुका तेव्हाच बाहेर येतात.

तोच सल्लागार कंपन्यांचीही कामे करत असेल तर?

हा या व्यवसायाचा जुना दुखरा भाग. वीजदराचे काम जाणणाऱ्या संस्था देशात मोजक्याच. एका राज्यात त्या आयोगाला मदत करतात, शेजारच्या राज्यात वितरण कंपनीची याचिका लिहितात. आयोगाच्या सदस्यांना पद सोडल्यावर दोन वर्षे व्यावसायिक नोकरी घेता येत नाही, ही अट कलम ८९(५) मध्ये आहे. सल्लागारांसाठी कायद्यात असे काही नाही, त्यामुळे सगळे करारावर.

किमान एवढे असावे: मागच्या तीन वर्षांत ज्यांची कामे केली त्या कंपन्यांची यादी, समूहातल्या भगिनी कंपन्यांसह, करारकाळात आणि नंतर ठरावीक काळ त्याच परवानाधारकाचे काम न घेण्याची हमी, आणि हे जाहीरनामे सर्वांना वाचायला खुले. सरसकट बंदी घालावी असे आम्हाला वाटत नाही. ती घातली तर उरतील ते अननुभवी. लपवाछपवी मात्र करार रद्द करायला पुरेशी मानावी.

ग्राहक प्रतिनिधी आणि सल्लागार यांत फरक काय?

सल्लागार आयोगाच्या बाजूला बसतो, प्रतिनिधी समोर उभा राहून बोलतो. महाराष्ट्रात पुण्याची प्रयास, मुंबई ग्राहक पंचायत, ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन, विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन अशा संस्थांना आयोगाने प्राधिकृत केले. प्रयाससारख्या गटाचे वजन पदामुळे आलेले नाही. १९९० च्या दशकात, आयोग अस्तित्वात येण्याआधी, त्यांनी दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाच्या वीज खरेदी कराराचा हिशेब उलगडून दाखवला होता. तो करार डिसेंबर १९९३ चा. सरकारने बाहेरच्या तज्ज्ञांना घेऊन माधव गोडबोले यांची समिती बसवली ती २००१ मध्ये, आणि त्याच वर्षी मे महिन्यात राज्य वीज मंडळाने ती वीज घेणे थांबवले. तज्ज्ञ सात वर्षे उशिरा बोलावले तर काय होते याचे यापेक्षा महाग उदाहरण राज्यात नाही.

तज्ज्ञाचा अहवाल लोकांना बघायला मिळतो का?

मिळाला पाहिजे. कलम ८६(३) आयोगाला पारदर्शकतेने काम करायला सांगते. आदेश ज्या अहवालावर उभा आहे तो कंपनीला आणि हरकतदारांना न दाखवणे हे अपिलात आदेश कोसळण्याचे सोपे कारण आहे. अंतर्गत टिपणे आणि आदेशाचे मसुदे वेगळे; ते खुले नसतात.

भाषेचाही प्रश्न आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने, जे २००५ च्या कायद्याने आले, ठोक पाणीदराचे निकष ठरवताना सल्लागाराकडून दृष्टिकोन निबंध तयार करून घेतला. तो होता इंग्रजीत. लोकसंघटनांनी मराठीचा आग्रह धरला, भाषांतर आले आणि चर्चा विभागांच्या मुख्य गावांपर्यंत पोचली. पाणीवापर संस्थेच्या अध्यक्षाला जे वाचता येत नाही त्यावर त्याची ‘हरकत नाही’ असे मानणे ही शुद्ध थट्टा आहे.

कलम १२८ ची चौकशी कधी होते?

क्वचित. २००९ मध्ये मुंबई उपनगरातल्या रिलायन्स इन्फ्राच्या दरवाढीला आयोगाने स्थगिती दिली आणि चौकशीचे काम हैदराबादच्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज ऑफ इंडियाकडे गेले. स्थगिती उठली ती सप्टेंबर २०१० मध्ये. म्हणजे वर्षाहून अधिक काळ. दरम्यान न वसूल झालेली रक्कम हवेत विरत नाही, ती वहनखर्चासह, म्हणजे मधल्या काळाच्या व्याजासह, पुढच्या बिलांवर येते. म्हणून चौकशी मागताना मुदतही मागावी.

१२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई महानगरात वीज गेली त्यानंतरही आयोगाने स्वतःहून दखल घेऊन स्वतंत्र समितीकडे काम दिले. अशा वेळी रिलेच्या (बिघाड होताच वीज तोडायला लावणाऱ्या साधनाच्या) नोंदी आणि भार प्रेषण केंद्रातले (विजेचा भार सांभाळणाऱ्या नियंत्रण कक्षातले) संभाषण पहिल्या काही दिवसांतच ताब्यात घ्यावे लागते.

या सगळ्याचा खर्च कोण देतो?

आयोगाच्या निधीतून, ज्यात परवाना आणि याचिकांची फी जमा होते. कंपनी ती फी दरात लावते. अखेर तुम्हीच.

आमच्या संघटनेने स्वतःचा तज्ज्ञ आणायचा तर काय करावे?

जाहीर सूचना वर्तमानपत्रात आली की हरकतीला साधारण २१ दिवस मिळतात. पहिल्या तीन दिवसांत याचिका आणि एक्सेल नमुने उतरवून घ्या. पीडीएफ नुसतीच असेल तर सूत्रांसह शीट लेखी मागा. तज्ज्ञाला संपूर्ण याचिका देऊ नका, दोन मुद्दे द्या. एका मुद्द्याला एक पान: कंपनीचा आकडा, पान क्रमांक, तुमचा आकडा, फरक किती कोटींचा. प्रत कंपनीला पाठवल्याची पोच जोडा. सुनावणीत पाच मिनिटेही मिळतील याची खात्री नसते, तेव्हा पहिल्या वाक्यात मागणी, दुसऱ्यात आकडा.

स्वतःच्या वाढीव बिलाची तक्रार इथे आणू नका. त्यासाठी कलम ४२(५) खालचा तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल आहे.

तज्ज्ञाचेच चुकले तर दाद कुठे?

तज्ज्ञाविरुद्ध नाही, आदेशाविरुद्ध. कायद्याच्या नजरेत चूक आयोगाची. उघड बेरीज-वजाबाकीची चूक असेल तर आयोगाकडेच पुनर्विलोकन अर्ज. नाहीतर ४५ दिवसांत दिल्लीच्या विद्युत अपिलीय न्यायाधिकरणाकडे, आणि त्यानंतर केवळ कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर ६० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात. सुनावणीत जो मुद्दा लेखी मांडला नाही तो अपिलात पहिल्यांदा काढला, तर ऐकून घेतला जाणे अवघड. तेव्हा त्या २१ दिवसांतली पोच जपून ठेवा.